देव कोणाच्या पावलांनी येतो

शेतातली कामं बाजूला ठेवून आलेले मायबाप आणि आज पदवी घेणाऱ्या माझ्या मुलामुलींनो,

तुमच्या पदवीपत्रावर विद्यापीठाच्या नावात ज्यांचं नाव छापलं आहे, ते संत गाडगेबाबा शाळेत गेलेले नव्हते. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेला हा डेबूजी, म्हणजेच पुढचे गाडगेबाबा, लहानपणीच वडिलांना मुकला. दारूनं बाप नेला. पोर दापुऱ्याला आजोळी वाढलं. तिथे त्यानं गुरं राखली, नांगर धरला आणि सावकारी कर्जात आजोळची जमीन कशी जाते, तेही पाहिलं. कर्ज, व्यसन, अवेळी आलेला मृत्यू. आपल्या झरी-जामणी तालुक्यातल्या घरांना यातलं काय परकं आहे? म्हणून संकटातल्या देवाबद्दल आज बोलायचं, तर ते गाडगेबाबांना साक्ष ठेवूनच.

२०१७ साल आठवा. तुम्ही शाळेत होता. गुलाबी बोंडअळीनं उभी पऱ्हाटी खाल्ली. त्याच हंगामात फवारणीच्या विषानं यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. अशा घरात जाऊन कोणी ‘देवाची मर्जी’ म्हणून परतलं, तर त्या माउलीला त्यातून काय मिळतं? मी तसं म्हणणार नाही. नापिकीला, पडलेल्या भावाला, तोंडाला फडकंही न बांधता केलेल्या फवारणीला कारणं असतात. ती माणसांनी शोधायची आणि माणसांनीच दूर करायची. त्यांचा बोजा देवावर टाकला की आपली जबाबदारी तेवढी सुटते, दुःख तिथेच राहतं.

मग त्या वेळी देव असतो कुठे? गाडगेबाबांनी त्याला देवळाबाहेर दाखवलं. दिवसा हातात खराटा, रात्री कीर्तन. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, गरिबाच्या लेकराला शिक्षण, रोग्याला औषध आणि निराश माणसाला हिंमत. हाच त्यांचा धर्म होता. हिंमतही त्यांनी अन्नपाण्याच्याच पंगतीला बसवली, हे विसरू नका. मुलगा गोविंदा गेल्याची खबर त्यांना कीर्तनातच मिळाली. बापाच्या काळजाचं काय झालं असेल! तरी समोरची माणसं सोडून ते उठले नाहीत. मुंबईत दादरला त्यांच्या नावानं चालणाऱ्या धर्मशाळेत आजही गावोगावचे कॅन्सरचे गरीब रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक आसरा घेतात. परक्या शहरात, खिसा रिकामा असताना, रात्री पाठ टेकायला जागा मिळते तेव्हा त्या माणसाला देवाचा पत्ता कोणी वेगळा सांगावा लागत नाही.

आता स्वतःच्या घराकडे बघा. परीक्षेची फी भरायची होती, घरात पैसा नव्हता आणि शेजारच्या काकांनी तो काढून दिला. आईनं वेचणीच्या मजुरीतून एसटीच्या पासचे पैसे बाजूला ठेवले. तुम्ही शिकावं म्हणून एखाद्या बहिणीनं आपली शाळा सोडली. एक सर वर्ग संपल्यावरही थांबले. तेव्हा ते तुम्हाला रोजचंच वाटलं असेल. आज त्याला आशीर्वाद म्हणा आणि घरी गेल्यावर त्या माणसांना तसं सांगा.

काहींच्या घरून आज वडील आलेले नाहीत. ते आता कधीच येणार नाहीत. काहींच्या वाईट दिवसांत दारात कोणीच आलं नाही. ‘सगळं चांगल्यासाठीच झालं,’ असं मी त्यांना सांगणार नाही, कारण ते खरं नाही. एवढंच म्हणतो, की माणूस नेमका कोणत्या वेळी यायला हवा होता, हे तुमच्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. हे ज्ञान कोणत्याही पदवीपेक्षा मोठं आहे. ते वाया जाऊ देऊ नका.

उद्या तुमच्यातलं कोणी शिक्षक होईल, कोणी सिमेंटच्या कारखान्यात लागेल, कोणी वणी-नागपूरला जाईल, कोणी शेतीच करेल. कुठेही असा. नुकसानभरपाईचा अर्ज कोणाला भरता येत नसेल, तर भरून द्या. कर्जाचा कागद अंगठा उठण्याआधी वाचून दाखवा. पोडावरच्या, म्हणजे कोलाम वस्तीतल्या, आजारी माणसासोबत दवाखान्यात जा. गप्प गप्प राहू लागलेल्या मित्राच्या घरी आजच जा; उद्यावर टाकू नका. तुम्ही त्याच्या दारात उभे राहाल, तेव्हा देव आपल्याला विसरला नाही, एवढं त्याला कळेल. तुम्हालाही कळेल.

देव तुमच्या पाठीशी राहो आणि तुम्ही कोणाच्या तरी पाठीशी राहा. सर्वांचं मनापासून अभिनंदन.