पाळी गेली म्हणून संसार आटोपला नाही

विषय संकोचाचा आहे. पण संकोचापायी बायका दुखणे अंगावर काढतात, म्हणून बोललेच पाहिजे.

साधारण ४५ ते ५५ या वयात पाळी जाते. सलग १२ महिने आली नाही, की ती गेली असे डॉक्टर धरतात. तोवर दिवस राहू शकतात. या काळात शरीरातले इस्ट्रोजेन कमी होते. अंगातून गरम वाफा निघतात, झोप उडते, आणि योनीची त्वचा पातळ व कोरडी पडते. मग नवऱ्याजवळ जाताना दुखते. बाई टाळते, नवरा समजतो, हिचे मन उडाले.

आमच्या घरी वर्षभर असाच अबोला होता. मी एम. ए. झालेला, पण विचारायचे सुचले नाही. शेवटी तीच म्हणाली, "अहो, मन नाही उडालं. दुखतं, म्हणून भीती वाटते."

याला उपाय आहेत. औषधाच्या दुकानात पाण्यात विरघळणारी जेली मिळते. तेवढ्याने भागले नाही, तर डॉक्टरांना विचारून योनीत लावायचे इस्ट्रोजेनचे मलम घेता येते. मात्र पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर थोडेसेही असो, लगेच तपासून घ्या.

"या वयात कसलं हे?" असे कुणी म्हणेल. म्हणू द्या. इच्छेला वयाची अट नाही. कुणाची ओसरते, कुणाची काळजी मिटल्याने वाढतेही. तेव्हा पुरुषमंडळींनो, रुसण्याआधी आज घरी एवढेच विचारा, "तुला त्रास होतो का?"