नावांच्या वह्या

दहावीचा निकाल लागतो त्या दुपारी गावातला मुलगा मोबाइलवर संकेतस्थळाचे नाव लिहितो. नाव ही माणसाची सोय. यंत्राला हवा असतो अंकांचा पत्ता. नावावरून पत्ता सांगण्याच्या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात, आणि तो सांगणाऱ्या यंत्राला नाम-सर्व्हर. निकालाचे यंत्र धडधाकट असले, तरी नाम-सर्व्हर गप्प बसला की त्या मुलापुरता निकाल लागलाच नाही!

पूर्वी अमेरिकेतल्या जाळ्यावरची सारी नावे स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतल्या एकाच यादीत असत आणि ती सगळ्यांनी उतरवून घ्यायची. यंत्रे वाढली, यादी शिळी पडू लागली. तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी नवी रचना मांडली. आपापली नावे ज्याची त्याने सांभाळावीत. पुढे १९८७च्या नियमांत असेही आले, की प्रत्येक वही निदान दोन सर्व्हरांवर असावी.

आता हे दोघे एकविचाराने कसे चालतात, ते पाहा. मूळ वही मुख्य सर्व्हरकडे. दुय्यम तिची नक्कल ठेवतो. वहीवर एक अनुक्रमांक असतो. दुय्यम ठरल्या वेळी विचारतो, "अंक वाढला का?" वाढला असेल तरच तो नवी नक्कल घेतो. पत्ता बदलला आणि अंक वाढवायचा राहिला, तर दुय्यमाला काही कळतच नाही. मग काही लोक नव्या घरी जातात, काही जुन्या! म्हणून पुष्कळजण त्या दिवसाची तारीखच अंक म्हणून घालतात. बदल होताच मुख्याने दुय्यमाला हाक द्यावी, अशीही सोय आहे. मात्र नक्कल कोणीही मागितली म्हणून देऊ नये; दोघांत एक गुप्त किल्ली ठरलेली असावी.

पण नुसती संख्या पुरत नाही. जानेवारी २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे चार नाम-सर्व्हर होते, पण चारही जाळ्याच्या एकाच भागात. वाट दाखवणाऱ्या यंत्रात चुकीचा बदल झाला आणि जवळजवळ दिवसभर त्यांच्या संकेतस्थळांचा पत्ता लोकांना मिळेना. एका विहिरीवर चार मोटा बसवल्या, म्हणून काय चार विहिरी होतात? सर्व्हर दूरदूर ठेवावेत, असे १९९७ सालीच लिहून ठेवलेले होते.

शाळेचे किंवा पतसंस्थेचे संकेतस्थळ करून देणाऱ्याला आपण एवढे जरूर विचारावे, की दुसरा सर्व्हर आहे कोठे? आणि दोघांना वेगवेगळे विचारून अनुक्रमांक ताडून पाहता काय? कारण मुख्य बंद पडला, तरी दुय्यम जुन्या नकलेवर काम रेटत राहतो. वरवर सारे ठीक दिसते. नकलेची मुदत असते, बहुधा काही आठवड्यांची. ती संपली की तोही उत्तर देणे थांबवतो.