पॅन आपला, व्यवहार कुणाचा?

प्राप्तिकराचे विवरणपत्र भरायचे दिवस आले की घरोघरी कागदांची शोधाशोध सुरू होते. बँकेचे व्याजाचे दाखले, विम्याच्या पावत्या, कचेरीतून मिळालेला करकपातीचा दाखला असे सारे एका पिशवीत भरून आपण करसल्लागाराकडे जातो. झाली तयारी, असे आपल्याला वाटते. पण एक काम त्यात राहून जाते. आपल्या पॅन क्रमांकावर भलताच कुणी व्यवहार करत नाही ना, हे पाहण्याचे.

पॅन क्रमांक आपण किती ठिकाणी देतो, आठवून पाहा. मुदत ठेव, घरभाड्याचा करार, सोनाराकडची मोठी खरेदी, गाडीचे कर्ज. प्रत्येक ठिकाणी एक झेरॉक्स मागे राहते. पासवर्ड बदलता येतो. पॅन मात्र जन्मभर तोच राहतो.

त्याचा गैरवापर कसा होतो? कुणी त्यावर कर्ज काढतो. २०२२ साली एका नामवंत हिंदी अभिनेत्याने जाहीरपणे सांगितले, की त्याच्या पॅनवर कुणी तरी अडीच हजार रुपयांचे कर्ज काढले आणि त्याची पत खराब झाली. कुणी घरभाड्याची खोटी सवलत घेण्यासाठी घरमालक म्हणून भलत्याचाच पॅन लिहितो. सर्वांत घातक म्हणजे कुणी त्यावर बनावट पेढी उघडून कोट्यवधींची उलाढाल दाखवतो. मध्य प्रदेशात २०१३ साली निवर्तलेल्या एका शिक्षिकेच्या नावे २०२३ मध्ये साडेसात कोटींहून अधिक कराची मागणी करणारी नोटीस घरी आली. माणूस गेला, तरी त्याचा पॅन चालूच होता.

म्हणून विवरणपत्र भरण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, आयकर खात्याच्या संकेतस्थळावरचे ‘वार्षिक माहिती विवरण’. नोव्हेंबर २०२१ पासून ही सोय आहे. व्याज, लाभांश, शेअरची विक्री, भाडे, जीएसटीची उलाढाल हे सारे आपल्या पॅनखाली तिथे दिसते. जूनच्या मध्यानंतर ते पाहिलेले बरे, कारण तोवर बँका आणि कचेऱ्यांकडून वर्षअखेरची माहिती पोहोचलेली असते. प्रत्येक नोंद आपल्या पासबुकाशी ताडून पाहावी. अनोळखी नोंद असेल तर ती आपली नाही, असा अभिप्राय तिथल्या तिथे देता येतो. तो अवश्य द्यावा. गप्प राहिलो तर पुढे उत्तर आपल्यालाच द्यावे लागते.

दुसरी गोष्ट जीएसटीची. जीएसटीच्या संकेतस्थळावर पॅन टाकून त्यावर किती नोंदण्या आहेत, हे कुणालाही पाहता येते. नोंदणी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. पुढची दहा अक्षरे म्हणजे पॅनच. साताऱ्यातल्या निवृत्त शिक्षकाच्या पॅनवर ०७ ने सुरू होणारा क्रमांक दिसला, तर दिल्लीत त्याच्या नावाने कुणी तरी दुकान मांडले आहे, असे समजावे. लगेच जीएसटी खात्याकडे लेखी तक्रार करावी आणि पोलिसांतही नोंद करावी.

तिसरी गोष्ट पत अहवालाची. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. न काढलेले कर्ज त्यात कळते.

आता करसल्लागाराविषयी. आपल्या खात्यात मोबाइल आणि ई-मेल कुणाचा नोंदवला आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तो सल्लागाराचा असेल, तर नोटीसही त्याच्याकडेच जाते. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने देशभर केलेल्या तपासणीत असे दलाल सापडले, की जे खोट्या वजावटी दाखवून जास्त परतावा मिळवून देत आणि त्यावर कमिशन घेत. त्यासाठी त्यांनी तात्पुरते ई-मेल पत्ते उघडले होते. काम झाल्यावर ते पत्ते सोडून दिले आणि खात्याच्या नोटिसा तिथेच न वाचता पडून राहिल्या. विवरणपत्र कुणीही भरले, तरी जबाबदारी आपली असते. तेव्हा मोबाइल आणि ई-मेल स्वतःचाच ठेवावा आणि भरलेल्या विवरणपत्राची प्रत मागून घ्यावी.

‘आपला परतावा मंजूर झाला आहे, येथे दाबा’ असे संदेश याच दिवसांत येतात. आयकर खाते ई-मेलवर पासवर्ड, पिन किंवा कार्डाचा क्रमांक विचारत नाही. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रांवर दस्तऐवज ओळख क्रमांक असतो. तो संकेतस्थळावर टाकून पत्र खरे की खोटे हे ताडता येते. पैसे गेलेच, तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर फोन करावा.

झेरॉक्स देताना तिच्यावर कारण आणि तारीख लिहून आडवी सही करावी. आणि घरातले वडीलधारे माणूस गेले असेल, तर वारसाने त्यांचे शेवटचे विवरणपत्र भरून, परतावा येऊन गेल्यावर त्यांचा पॅन रीतसर परत करावा. गेलेल्या माणसाच्या चांगल्या नावाला नंतर कुणी बट्टा लावू नये, एवढे तर आपल्या हाती आहे.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)