चमचाभर वजन, पंधरा वर्षे कैद

श्रोतेहो, चहाच्या चमच्यात सपाट भरून साखर घ्या. वजन भरेल सुमारे ४ ग्रॅम. अमेरिकेत एवढ्याच, म्हणजे ३.९ ग्रॅम 'क्रॅक' कोकेनच्या गुन्ह्यात एका माणसाला १८८ महिन्यांची कैद झाली. पूर्वीच्या गुन्ह्यांमुळे तो सराईत ठरला होता, हे खरे. तरीही पंधरा वर्षे आठ महिने!

याचे मूळ १९८६ च्या कायद्यात आहे. कोकेनच्या ५०० ग्रॅम भुकटीला जी किमान पाच वर्षांची शिक्षा, तीच क्रॅकच्या अवघ्या ५ ग्रॅमला. आता क्रॅक म्हणजे काय, तर त्याच भुकटीपासून केलेले खडे! क्रॅकपायी तुरुंगात गेलेल्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. २०१० मध्ये ही मर्यादा ५ वरून २८ ग्रॅमवर नेली. पण ज्यांना आधीच शिक्षा झाली होती, त्यांना तिचा लाभ नव्हता. डिसेंबर २०१८ मध्ये आणखी एक कायदा झाला, तेव्हा कुठे जुन्या कैद्यांना शिक्षा कमी करण्यासाठी अर्ज करता येऊ लागला.

आपल्या ३.९ ग्रॅमवाल्यानेही अर्ज केला. तो फेटाळला गेला. अपील करीत तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. तेथे २०२१ मध्ये एकमताने नकार मिळाला. कारण ऐका. मर्यादा बदलली ती ५ ग्रॅमच्या वरच्यांची. हा तर खालचा. त्याच्या कलमात वजनाची अटच नव्हती, मग बदलले काय? कायद्याच्या शब्दांत हे चोख बसते. पण जास्त माल बाळगणाऱ्याला दार उघडे आणि कमीवाल्याला बंद, हे तुमच्याआमच्या मनाला पटते का?

दुसऱ्या एका कैद्याला २००९ मध्ये १९ वर्षांची शिक्षा झाली होती. त्याचे म्हणणे असे की, आजच्या नियमांनी मी सराईत ठरणार नाही, शिवाय तुरुंगात मी सुधारलो आहे. खालच्या न्यायालयांनी ते विचारात घेतले नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्याचे अपील मान्य केले. शिक्षा कमी केलीच पाहिजे असे नाही. पण कैद्याच्या म्हणण्याचा विचार मात्र केलाच पाहिजे, असा त्या निकालाचा आशय.

हे सारे दूरदेशीचे, असे समजू नका. आपल्याकडे अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा. २००१ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन शिक्षा मालाच्या वजनानुसार ठरू लागली. चालू खटल्यांना तिचा लाभ मिळाला, अपिलात असलेल्यांना नाही. आणि २००४ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ही रेषा कायम ठेवली. म्हणजे ज्याचा खटला रेंगाळला त्याचे नशीब, आणि ज्याचा लवकर निकाली निघाला त्याचे दुर्दैव!

कुठेतरी रेषा ओढावी लागते, हे मी नाकारीत नाही. पण 'ही शिक्षा फार झाली' असे एकदा कायद्यानेच कबूल केल्यावर, ती आधीपासून भोगणाऱ्याला निकालाची तारीख दाखवून परत पाठवायचे, याला न्याय म्हणावे काय? आपणच विचार करा.