खिळा, सुई आणि कार्ड

काही रोगांची नावे ऐकून रोग कळत नाही. धनुर्वाताचे तसे नाही. ज्याने हे नाव ठेवले, त्याने रोगी डोळ्यांनी पाहिला असला पाहिजे. मान मागे जाते, पाठीची कमान होते, डोके आणि टाचा तेवढ्या अंथरुणाला टेकलेल्या. ताणलेले धनुष्यच. या रोगाची बहुधा पहिली खूण म्हणजे जबडा घट्ट मिटणे, दातखीळ. हा शब्द आपण किती सहज वापरतो! साहेबांसमोर बोलता आले नाही की म्हणतो, दातखीळ बसली. शब्दांशी रोज व्यवहार करणारा माणूस म्हणून सांगतो, शब्द विनोदात रुळला की त्याच्या मागचे दुःख आपण विसरतो.

श्रोतेहो, आज मला बोलायचे आहे ते गरोदर बाईच्या पायात घुसलेल्या खिळ्याविषयी. विषय लहान वाटेल. पण त्या एका खिळ्याभोवती दोन जीव असतात आणि घरभर माणसांची मते असतात.

माझी एक भाची नागपुरातच मोमिनपुऱ्यात राहते. तिला सहावा महिना होता. घरावर स्लॅबचे काम चालले होते. सेंट्रिंगची एक फळी अंगणात पडली होती. तिच्यातला खिळा रबरी चपलेतून थेट तळपायात गेला. रक्त फारसे आले नाही. थेंबभरच. आणि घरात दोन पक्ष पडले. सासूबाई म्हणाल्या, "पोटुशी बाईला सुई टोचू नये, बाळाला उतरते." दीर म्हणाला, "टिटॅनसची सुई आत्ताच्या आत्ता द्या." शेजारच्या मावशींनी हळद-तेल गरम करायला घेतले. कोणी बिब्ब्याचा चटका सुचवला, कोणी रॉकेलचा बोळा. भाचीने मला फोन केला, "मामू, तुम्ही शिकलेले. काय करू?"

बीए झालेल्या माणसाला एवढे कळते की जे आपल्याला कळत नाही ते कळणाऱ्याला विचारावे. मी म्हणालो, "बेटा, नळाखाली पाय धर, साबण लावून चांगला धू. वर काही लावू नकोस. दवाखान्याचे कार्ड काढून ठेव, मी ऑटो घेऊन येतो."

डॉक्टरीणबाईंनी आधी जखम पाहिली. तिचे तोंड ज्वारीच्या दाण्याएवढे, पण आत खोल. त्यांनी ती नीट धुतली आणि आतून चपलेच्या रबराचा बारीकसा तुकडा काढला. मग त्यांनी कार्ड मागितले. त्यावर या गरोदरपणातले धनुर्वाताच्या लसीचे दोन्ही डोस नोंदलेले होते, महिन्याच्या अंतराने. लहानपणचे आणि शाळेतले डोसही झालेले होते. त्या म्हणाल्या, "हिला आज सुईची गरज नाही." सुई हवी म्हणणारा आणि सुई नको म्हणणाऱ्या, दोघेही गप्प झाले.

बाईंनी मग सासूबाईंकडे वळून सांगितले, "पण खाला, हे कार्ड कोरे असते तर मी आज तिला दोन सुया दिल्या असत्या. आणि त्या बाळासाठीही दिल्या असत्या." या दोन वाक्यांत सगळा विषय आला. आता तो जरा उलगडून पाहू.

आपण गंजाला घाबरतो. गंज धनुर्वात करीत नाही. धनुर्वाताचा जंतू मातीत, धुळीत, जनावरांच्या शेणात सुप्त रूपात राहतो, वर्षानुवर्षे. त्याला हवेचे वावडे आहे. उथळ, मोकळ्या जखमेत त्याला जम बसवणे कठीण जाते. खिळ्याची जखम मात्र त्याच्या सोयीची. तोंड बारीक, पोट खोल, वरून लवकर मिटणारी आणि आत हवा नाही. म्हणून मोठ्या वाहत्या जखमेपेक्षा ही थेंबभर रक्ताची जखम कधी कधी जास्त धोक्याची. काटा, सुई, टोकदार काडी यांनी झालेली जखमही याच जातीची, गंज असो वा नसो. जंतू आत वाढून विष सोडतो आणि ते विष नसांना धरते. साधारण ३ ते २१ दिवसांत लक्षणे दिसतात. म्हणजे जखम भरून आली, विसरूनही गेलो, आणि मग जबडा आखडू लागला, असे होऊ शकते.

उपाय काय? बर्लिनमध्ये १८९० साली बेहरिंग आणि किटासाटो या दोन संशोधकांनी दाखवून दिले की या विषाला उतारा देणारे द्रव्य रक्तात तयार होते. पुढे १९२० च्या दशकात फ्रान्समध्ये रामोन यांनी विषातला विषारीपणा काढून लस बनवण्याची रीत घालून दिली. म्हणजे या लसीत जिवंत जंतू नसतो. दात पाडलेल्या नागासारखी ती असते. शरीर नागाला ओळखायला शिकते, पण डंख होत नाही. म्हणूनच ती गरोदरपणात देता येते. देता येते एवढेच नाही, मुद्दाम दिली जाते. आईच्या रक्तात तयार झालेले संरक्षण वारेतून बाळाकडे जाते. सासूबाईंचे म्हणणे एका अर्थाने खरेच होते. सुई बाळाला उतरते. पण उतरते ती ढाल.

ही ढाल बाळाला का लागते, ते जुन्या पिढीला सांगायला नको. नाळ विळ्याने कापायची, तिच्यावर राख किंवा शेण लावायचे, ही रीत कितीतरी घरांत होती. त्या वाटेने जंतू शिरे. बाळ पहिले दोन दिवस छान दूध ओढे. मग तिसऱ्या दिवसानंतर, बहुतेकदा पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत, ओढेनासे होई, आखडे आणि जाई. कोणी नजर लागली म्हणे, कोणी सटवीला बोल लावी. आपल्याकडे पाचवी, सहावी, अकीक्याचा सातवा दिवस, बारसे, या साऱ्यांना इतके महत्त्व का, याचा विचार करताना मला वाटते, त्या दिवसांच्या मागे एक धास्तीही असावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १९८८ या एका वर्षात जगभर ७ लाख ८७ हजार नवजात बाळे धनुर्वाताने दगावली. भारतातून माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे २०१५ साली जाहीर झाले. गरोदर बायांना लस, दाईंना प्रशिक्षण, स्वच्छ हात, स्वच्छ पाते, दवाखान्यातली बाळंतपणे, यांनी हे घडले. पण उच्चाटन झाले म्हणजे जंतू संपला असे नाही. देवी जगातून गेली, कारण ती माणसांतच राहत होती. हा मातीत राहतो. लस थांबली की तो परत येईल.

सुईच्या भीतीला मी हसत नाही. तिला इतिहास आहे. पंजाबातल्या मुलकोवाल गावात ३० ऑक्टोबर १९०२ रोजी १०७ जणांना प्लेगची लस टोचली. एका बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वातानेच मेले. ती लस आपल्या मुंबईतल्या परळच्या प्रयोगशाळेतली, हाफकिन साहेबांची. ठपका त्यांच्यावर आला. बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली आणि १९०७ साली हाफकिन दोषमुक्त झाले. १९२५ साली त्या प्रयोगशाळेला त्यांचेच नाव दिले गेले. दोष लसीचा नव्हता, अस्वच्छतेचा होता. तेव्हा भीती वाटलीच तर प्रश्न विचारावा, सुई नवी आहे का, बाटली कुठे ठेवली होती? असा प्रश्न विचारणे हा अडाणीपणा नाही. पण या लसीने मूल होत नाही, ही जी कुजबुज मोहल्ल्यांत ऐकू येते आणि जी २०१४ साली केनियातही उठली होती, तिच्यात तथ्य नाही. ही लस घेतलेल्या बायांची मुले आपल्या भोवती खेळत आहेत.

आता कामाचे थोडे. घरात कोणाच्याही पायात खिळा गेला तर जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा. हळद, चुना, तंबाखू, शेण, काही भरू नका. आत काही मोडून राहिले असेल तर टाचणीने उकरू नका आणि जखम घट्ट बांधून कोंडू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. बाई गरोदर असेल तर ते आधी सांगा, कारण काही गोळ्या तिला चालत नाहीत. दुखते म्हणून दुकानातून आणलेली गोळी आपल्या मनाने देऊ नका. डॉक्टर विचारतील, शेवटचा डोस कधी? सर्व डोस झालेले असतील आणि शेवटच्याला ५ वर्षे झालेली नसतील, तर बहुधा नव्या सुईची गरज पडत नाही. मळक्या, खोल जखमेला ५ वर्षे उलटली असतील तर एक डोस देतात. डोस कमी झाले असतील किंवा आठवतच नसेल, तर लसीबरोबर तयार प्रतिद्रव्याची, इम्युनोग्लोब्युलिनची दुसरी सुई देतात. लसीचे संरक्षण तयार व्हायला वेळ लागतो, ही ताबडतोब कामाला लागते. तीही गरोदरपणात चालते.

पुढचे काही दिवस पायाकडे लक्ष असू द्या. लाली, सूज, पू, ताप दिसला तर पुन्हा जा. जबडा आखडला, घास गिळवेना, मान ताठ झाली, तर घरी एक तासही थांबू नका. मेडिकल किंवा मेयोसारखे मोठे रुग्णालय गाठा.

खिळा नसतानाही करायची गोष्ट एकच. गरोदरपणाची नोंदणी लवकर करा आणि धनुर्वाताची लस घ्या. पूर्वी तिला टीटी म्हणत. २०१९ पासून तिच्या जागी घटसर्पापासूनही वाचवणारी टीडी आली. पहिला डोस लवकरात लवकर, दुसरा चार आठवड्यांनी. मागच्या खेपेला दोन्ही डोस होऊन ३ वर्षे झाली नसतील तर एकच पुरतो. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते आणि माता-बाल संरक्षण कार्डावर तिची नोंद होते.

त्या कार्डाविषयी पुरुषमंडळींना एक विनंती. विजेचे बिल कुठे आहे, गॅसचे पुस्तक कुठे आहे, घराची कागदपत्रे कोणत्या पेटीत आहेत, हे आपल्याला ठाऊक असते. घरातल्या गरोदर बाईचे कार्ड कुठे ठेवले आहे आणि त्यावर किती डोस लिहिलेले आहेत, हेही आपल्याला ठाऊक असले पाहिजे. आज घरी गेल्यावर एकदा काढून पाहा. जागा कोरी दिसली तर उद्याच भरून घ्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)