बिल आधी वाचा, मग भरा

(बारामती व इंदापूर तालुक्यांतील जिरायत गावांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



भावाचा विषय, पाण्याचा विषय, कर्जाचा विषय आपल्या बैठकीत नेहमी निघतो. आज मी एका लहानशा कागदाबद्दल बोलणार आहे. तो दर महिन्याला घरी येतो, दाराच्या फटीत खोचलेला असतो आणि बहुतेक घरांत त्याची खालची रक्कम तेवढी पाहिली जाते. हा कागद म्हणजे घरच्या विजेचे बिल. विहिरीवरच्या मोटारीचे नव्हे. घरातल्या दिव्याचे, पंख्याचे, टीव्हीचे बिल.

दर महिन्याला चार-पाचशे येणारे बिल एखाद्या महिन्यात एकदम चार-पाच हजार येते, तेव्हा घरात काय होते? काही माणसे घाबरून, उसनवारी करून, मुकाट्याने भरून टाकतात. काही माणसे बिल खुंटीला अडकवून ठेवतात आणि म्हणतात, "बघू, सगळ्यांचंच आलंय, होईल काहीतरी माफी." पहिल्याचा पैसा जातो, दुसऱ्याची वीज जाते. मला आज एवढेच सांगायचे आहे की या दोन्हींच्या मधे तिसरा रस्ता आहे. तो कायद्यात लिहिलेला आहे आणि त्याला वकील लागत नाही.

आधी माफीचे बोलू. मोटारीच्या बिलाने आपल्याला एक सवय लावली. पुष्कळ मोटारींना मीटर नाही, अश्वशक्तीवर आकारणी होते, थकबाकी साचते, मग सवलतीची योजना येते. २०२४ च्या जुलैमध्ये सरकारने मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना काढली. ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ या पाच वर्षांसाठी ती जाहीर झाली. पण नीट ऐका, ती कृषिपंपांची आहे. घरच्या मीटरला तिचा काडीचा उपयोग नाही. ज्याच्याकडे विहीरच नाही, त्या जिरायत शेतकऱ्याच्या हातात तर घरचे बिल तेवढे उरते. मोटारीच्या बिलाचा न्याय घरच्या बिलाला लावला, की घरात अंधार होतो.

हे २०२० साली सबंध महाराष्ट्राने पाहिले. कोरोनाची टाळेबंदी लागली आणि २३ मार्च २०२० पासून महावितरणने मीटरचे रीडिंग घेणे आणि बिले वाटणे थांबवले. एप्रिल-मेची बिले सरासरीने निघाली. सरासरी कशाची? आधीच्या थंडीच्या महिन्यांची, जेव्हा पंखा बंद असतो. प्रत्यक्षात ते दिवस भर उन्हाळ्याचे होते. पुण्या-मुंबईला कामाला गेलेली पोरे गावी परतली होती, घरात माणसे दुप्पट आणि पंखे दिवसभर चालू. त्यात १ एप्रिल २०२० पासून नवे दर लागू झाले. जूनमध्ये प्रत्यक्ष रीडिंग घेतले, तेव्हा राहिलेले सगळे युनिट एकाच बिलात आले आणि राज्यभर ओरड झाली.

पुढे काय झाले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. जूनचे बिल मार्च ते मेच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त असेल, तर तीन हप्ते द्यावेत असे वीज नियामक आयोगाने सांगितले. एकदम भरणाऱ्याला दोन टक्के सूट जाहीर झाली. ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी दिवाळीच्या सुमारास सवलतीची आशा दाखवली, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये सवलत देता येणार नाही असे सांगितले. २०२१ च्या सुरुवातीला वीजतोडणीच्या नोटिसा निघाल्या. २ मार्च २०२१ रोजी विधानसभेत तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि बारामतीचे आमदार अजित पवार यांनी तोडणीला स्थगिती जाहीर केली. ती १० मार्चला, अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, उठली. स्थगिती टिकली आठ दिवस.

म्हणजे माफीची वाट पाहत बसलेल्याच्या पदरात थकबाकी, तिच्यावरचा विलंब आकार आणि व्याज पडले. आंदोलन करू नका असे मी म्हणत नाही. आंदोलन आपल्या जागी. पण तुमच्या घरच्या बिलातला तुमचा हिशेब आंदोलन करून देत नाही, तो तुम्हालाच मांडावा लागतो.

तर बिल हातात घ्या. वरती ग्राहक क्रमांक आणि मीटर क्रमांक असतो. पहिले काम म्हणजे बिलावरचा मीटर क्रमांक आणि भिंतीवरच्या मीटरचा क्रमांक एकच आहे का ते पाहा. वाड्यात, भावाभावांच्या वाटणीत, एका भिंतीवर चार मीटर असतात. अदलाबदल झाली, तर थोरल्याचे युनिट धाकट्याच्या बिलात येतात आणि भांडण घरात लागते.

मग रकाने पाहा. चालू रीडिंग, मागील रीडिंग, युनिट, समायोजित युनिट, एकूण. बिलावरचे चालू रीडिंग आणि आज मीटरवर दिसणारा आकडा ताडून पाहा. मीटरचा आकडा बिलापेक्षा कमी असेल, तर रीडिंग चुकले हे तिथेच सिद्ध झाले, कारण मीटर उलटा चालत नाही. रीडिंगच्या जागी आकड्याऐवजी रीडिंग मिळाले नाही, घर बंद होते, मीटर नादुरुस्त आहे, अशा अर्थाचा शेरा असेल, तर ते बिल सरासरीचे आहे. असे दोन-तीन महिने गेले, की पुढचे मोठे बिल येणार हे आजच समजून घ्या. त्याच महिन्यात अर्ज द्या की रीडिंग घेऊन जा.

आता टप्प्याचा हिशेब. हा नीट ऐका, कारण जास्तीत जास्त पैसा इथे जातो. घरगुती विजेचा दर एकच नसतो. महिन्याचे पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० महाग, त्यापुढे आणखी महाग. २०२०-२१ मध्ये पहिल्या टप्प्याचा वीज आकार युनिटला ३ रुपये ४६ पैसे होता आणि दुसऱ्या टप्प्याचा ७ रुपये ४३ पैसे. म्हणजे दुपटीहून जास्त.

समजा, एका घरात महिन्याला ९० युनिट जळतात. दोन महिने रीडिंग झाले नाही आणि तिसऱ्या वेळी २७० युनिट एकदम आले. खरा हिशेब असा की दर महिन्याला ९०, म्हणजे सगळे पहिल्याच टप्प्यात. २७० गुणिले ३.४६, झाले ९३४ रुपये २० पैसे. पण तेच २७० युनिट एका महिन्यात जळाले असे धरले, तर पहिल्या १०० चे ३४६ रुपये आणि पुढच्या १७० चे १,२६३ रुपये १० पैसे. बेरीज १,६०९ रुपये १० पैसे. फरक ६७४ रुपये ९० पैसे. त्यावर १६ टक्के वीज शुल्क धरा, म्हणजे ७८३ रुपयांच्या आसपास. त्या वर्षी मालदांडी ज्वारीची हमी किंमत क्विंटलला २,६४० रुपये होती आणि मध्यम धाग्याच्या कापसाची ५,५१५. म्हणजे वापर तेवढाच, वीज तेवढीच, फक्त मांडणी चुकली म्हणून जवळजवळ ३० किलो शाळू किंवा १४ किलो कापूस घरातून जातो. पुढच्या वर्षांत दर बदलले आहेत, तेव्हा हिशेब मांडताना तुमच्या बिलावर छापलेले दर घ्या. रीत हीच.

जून २०२० च्या बिलात महिन्यांची विभागणी करून टप्प्याचा फायदा दिला आहे, असे महावितरणने तेव्हा जाहीर केले होते. आपल्या बिलात तो दिला की नाही, हे ज्याने बिल वाचले त्यालाच कळले. मधल्या महिन्यांत सरासरीने भरलेली रक्कम वजा झाली आहे का, हेही त्याच वेळी पाहायचे.

दुसरी बाजूही सांगतो. प्रत्येक मोठे बिल चुकीचे नसते. ते घरातच तपासता येते. संध्याकाळी घरातले सगळे बंद करा, दिवे, पंखे, फ्रिज, मोबाइलचा चार्जर, सगळे. मग मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा पाहा. तो तरीही लुकलुकत राहिला, तर कुठेतरी वायर गळते आहे किंवा तुमच्या मीटरमागून दुसऱ्याने जोड घेतला आहे. त्यानंतर एकेक वस्तू चालू करून पाहा. १०० वॅटचा जुना बल्ब १० तासांत एक युनिट खातो. पंखा साधारण १३ तासांत एक युनिट. पण दोन अश्वशक्तीची कडबाकुट्टी तासाला दीड युनिटाच्या आसपास खाते. दुष्काळात दावणीची चार जनावरे जगवायला रोज दोन तास कुट्टी चालली, तर महिन्याला ९० युनिट तिथेच गेले आणि घराचा वापर दुसऱ्या टप्प्यात चढला. असे असेल तर भांडण कोणाशी करणार? आधी घर तपासा, म्हणजे कचेरीत बोलताना आवाज पक्का राहतो.

वेगळ्या कागदावर सुरक्षा ठेवीच्या फरकाची मागणी येते, तिलाही लोक वाढीव बिल समजतात. ती ठेव असते, तुमच्या नावावर राहते, तिच्यावर व्याज मिळते आणि हप्त्याने भरण्याची सोय मागता येते.

आता घर तपासले, रकाने पाहिले आणि बिल चूक आहे अशी खात्री झाली. पुढे काय? तोंडी सांगू नका. खिडकीवरच्या माणसाला रोज शंभर जण तोंडी सांगतात आणि त्याची नोंद कुठेच राहत नाही. साध्या कागदावर अर्ज लिहा. ग्राहक क्रमांक, मीटर क्रमांक, कोणत्या महिन्याचे बिल, त्यावरचे रीडिंग, आजचे प्रत्यक्ष रीडिंग आणि तारीख, आणि तुमची मागणी. मागणी स्पष्ट हवी. रीडिंग दुरुस्त करा, किंवा युनिट महिन्यांत विभागून टप्प्याचा फायदा द्या, किंवा मीटर तपासून अहवाल द्या. मीटरचा फोटो जोडा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. १९१२ या क्रमांकावर तक्रार केली, तर तिचा नंबर लिहून ठेवा. पोच नाही तर अर्ज नाही, हे पक्के समजा.

मीटर तपासणीत सदोष निघाला, तर तक्रारीच्या महिन्याआधीच्या जास्तीत जास्त तीन महिन्यांची बिले तपासणीच्या निकालाप्रमाणे दुरुस्त होतात. मीटर बंदच पडला असेल, तरी कंपनीला सरासरीने आकारणी जास्तीत जास्त तीन महिन्यांचीच करता येते. वर्षभराची मागणी आली, तर हा नियम दाखवा.

आता सगळ्यात महत्त्वाचे. "आधी सगळे भरा, मग तक्रारीचे बघू, नाहीतर लाइन कापतो" असे कोणी म्हणाले, तर काय करायचे? वीज कायदा २००३, कलम ५६. हा आकडा लिहून घ्या. पहिली गोष्ट, थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. दुसरी गोष्ट, बिलाबद्दल वाद असेल तर ग्राहकाने निषेध नोंदवून, मागितलेली रक्कम किंवा आधीच्या सहा महिन्यांत भरलेल्या बिलांच्या सरासरीने येणारी रक्कम, या दोन्हींत जी कमी ती भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. चार हजारांचे बिल आले आणि तुमची सरासरी पाचशे असेल, तर पाचशे भरा. अर्जात लिहा, "निषेध नोंदवून, कलम ५६ प्रमाणे भरत आहे." पुढच्या महिन्यांचेही असेच भरत राहा. काहीच न भरणाऱ्याला हे कलम वाचवत नाही. भरणाऱ्यालाच वाचवते.

कचेरीत दाद लागली नाही, तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. आपल्या भागासाठी तो महावितरणच्या बारामती परिमंडळाचा. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथे जावे लागते. मंचाचा निर्णय पटला नाही, तर ६० दिवसांच्या आत विद्युत लोकपालाकडे जाता येते.

आणि एक धोक्याची सूचना. रागाच्या भरात मीटरच्या सीलला हात लावू नका. वीज तोडली म्हणून तारेवर आकडा टाकू नका. तसे केले की बिलाचा वाद संपतो आणि वीजचोरीचे कलम १३५ लागते. तो फौजदारी मामला आहे, तिथे मंच तुमचे ऐकत नाही. तुमची बाजू खरी असली तरी ती त्या आकड्याला लटकते.

जिरायत शेतकऱ्याच्या घरात पैसा वर्षातून दोनदा येतो, कापूस वेचल्यावर आणि शाळू निघाल्यावर. बिल मात्र बारा वेळा येते. म्हणून खरोखरच मोठे आणि बरोबर असलेले बिल आले, तर लेखी अर्ज देऊन हप्ते मागा. ती भीक नव्हे. न मागता मात्र कोणी देणार नाही.

शेवटी कामाचे बोलतो. प्रत्येक गावात दहावी-बारावी झालेली पोरेपोरी आहेत. त्यांच्यापैकी दोघांनी दर महिन्याच्या एका संध्याकाळी पारावर बसावे, लोकांनी बिले आणावीत, त्यांनी रीडिंग ताडून वहीत लिहावे. घरातल्या बायाबापड्यांनी मीटरचा आकडा दर महिन्याच्या एकाच तारखेला कॅलेंडरवर लिहून ठेवावा. कंपनीने रीडिंग घेतले नाही, तरी तुमच्या भिंतीवर ते असेल. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने मागच्या बारा महिन्यांची बिले पिशवीत घालून आणावीत. भाषण कमी करू, बिले वाचू.