डब्यातलं गणगोत

मुंबईत लालबाग-परळच्या करी रोड स्टेशनला फक्त धिम्या लोकल थांबतात, म्हणजे गप्पांना वेळ भरपूर. १९८२च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर इथल्या गिरण्या बंद पडत गेल्या आणि लालबाग-परळची बरीच कुटुंबं कल्याण-डोंबिवलीकडे गेली. कामधंदा मात्र अनेकांचा इथेच राहिला. रोजच्या येण्याजाण्यात गाडीतलं गणगोत जमलं. गाडी ठरलेली, डबा ठरलेला. भजनी मंडळ असलं तर पिशवीतून टाळ निघतात, पखवाज नसला तरी डब्याचा पत्रा आहेच! कुणी दोन दिवस दिसलं नाही की फोन जातो. दसऱ्याच्या सुमारास डब्यात झेंडूची तोरणं, पूजा, पेढे. कानठळ्या बसतात ही इतरांची तक्रारही खोटी नाही, बरं का. तेव्हा टाळ जरा बेतानं वाजवा, आणि तिघांच्या बाकावर सरकून नवख्याला चौथी सीट द्या.